मुका स्पीकर

गणपती जवळ आले की गल्लीतल्या मंडळाचा ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर येऊन बसतो. त्याची दुरुस्ती सोपी, परीक्षा अवघड. पूर्ण ताकदीने चालवून पाहिल्याशिवाय तो ऐन मिरवणुकीत दगा देणार नाही याची हमी कशी द्यायची? आणि दोन खोल्यांत तो पूर्ण ताकदीने वाजवला, तर माझंच विसर्जन आधी होईल.

म्हणून स्पीकरच्या जागी मी वायरवाउंड रेझिस्टर जोडतो. याला डमी लोड म्हणतात. चिनीमातीच्या दांडीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली, वर सोनेरी ॲल्युमिनियमचं पन्हाळीदार कवच. तार तांब्याची का नाही? तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. नायक्रोम तापूनही आपल्या आकड्याला जवळजवळ चिकटून राहतं. तापल्यावरही शब्द न फिरवणारा इसम मी मंडळाच्या सभेत अजून पाहिलेला नाही.

अर्थात त्याच्या अंगावर छापलेलं ‘100 वॅट’ हे अटी लागू प्रकरण आहे. जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, मध्ये पांढरी हीटसिंक पेस्ट लावून घट्ट आवळला तरच शंभर. हवेत लोंबकळत ठेवला तर निम्मे, कधी त्याहूनही कमी. आणि 8 ओहमवर 40 व्होल्ट आले की झाले 200 वॅट! त्यामुळे मी 8 ओहमचे चार घेतो. दोन-दोन सिरीजमध्ये, मग त्या दोन जोड्या पॅरलल. बेरीज पुन्हा 8 ओहमच, ताप मात्र चौघांत वाटला जातो.

तार गुंडाळली की कॉइल होतेच, आणि कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सीला आडवी येते. त्यावर एअर्टन आणि पेरी या दोन प्राध्यापकांच्या नावाने ओळखला जाणारा उपाय आहे: एकाच दांडीवर दोन तारा उलट दिशांनी गुंडाळून टोकं जोडायची, म्हणजे त्यांची चुंबकत्वं एकमेकांना मारतात. ढोल-ताशाला एवढी नजाकत लागत नाही, पण मला लागते.

परवा मंडळाचा कार्यकर्ता आला. आवाजाचं बटण शेवटाला, ऑसिलोस्कोपवर लाटा उसळताहेत, आणि खोलीत पंख्याची कुरकुर तेवढी.

“काका, वाजत नाहीये की हा!”

“वाजतोय. हात लावू नकोस, पोळेल.”

त्याने अर्थातच लावला.

“आई गं!”

“तो ताशा होता.”

शेजारचे आजोबा दारातून हे सगळं बघत होते. चष्मा वर सरकवून त्यांनी त्या सोनेरी चौकडीकडे नीट पाहिलं, किंमत विचारली, आणि कार्यकर्त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “यंदा मांडवात स्पीकरऐवजी हेच लावा. वर्गणी दुप्पट देतो.”