फुकटाची हिशोबपट्टी

11 एप्रिल 2016 या तारखेची मराठवाड्याने म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. त्या दिवशी मिरजेहून दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरसाठी पाण्याची पहिली रेल्वे निघाली आणि त्याच दिवशी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआय सुरू केलं. इकडून पाणी निघालं, तिकडून पैसा. पाण्याच्या गाडीला ‘जलदूत’ नाव मिळालं, स्टेशनवर स्वागत झालं, फोटो निघाले. सरकार फुकट पाणी पाजतंय म्हणून लातूरकर गहिवरले. महिन्याभरात रेल्वेने जिल्हाधिकाऱ्यांकडे वाहतुकीचं बिल पाठवलं, चार कोटी रुपयांचं. ओरड झाल्यावर खुलासा आला, की बिल प्रशासनानेच मागितलं होतं.

तेव्हापासून लातूरचा माणूस कुठे फुकट काही मिळालं की आधी मागची बाजू उलटून बघतो. यूपीआयची मात्र त्याने अजून उलटून पाहिलेली नाही.

आडतीवर सोयाबीन घातलं की हातात हिशोबपट्टी पडते. हमाली, तोलाई, जे कापलं ते ओळीने लिहिलेलं असतं. शेतकरी तिथेच उभा राहून ती वाचतो, मुनिमाशी भांडतो, पाच-दहा रुपये सोडवून घेतो आणि मगच आडत्याचा चहा पितो. कापायचं ते लिहून कापायचं, एवढी सभ्यता मोंढ्यात अजून आहे. मोबाईलमधून जाणाऱ्या पैशाची पट्टी निघत नाही, म्हणून लोकहितार्थ ती काढायचं आम्ही मनावर घेतलं आहे.

सुरुवात मनिऑर्डरीपासून. दर वीस रुपयांमागे एक रुपया. पोराला हजार पाठवले की पोस्टाचे पन्नास. सुरक्षा व्यवस्था : पोस्टमन. घरी येणार, नाव विचारणार, सही नाहीतर अंगठा घेणार, नोटा मोजून देणार आणि चहाला थांबणार. अफरातफर झालीच तर आरोपीचं घर गल्लीतल्या सगळ्यांना माहीत. एवढी कडेकोट व्यवस्था पुढे कोणत्याही अ‍ॅपला जमली नाही.

मग एनईएफटी. बचत खात्यातून मोबाईलवर केली तर जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. शाखेत जाऊन स्लिप भरली तर एक ते दोन लाखांच्या रकमेला जास्तीत जास्त 15 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. झाले 17 रुपये 70 पैसे. मुखेडकडचे एक काका पोराच्या नीटच्या क्लासची फी भरायला दरवर्षी एसटीने लातूरला येतात, बँकेत रांग लावतात, स्लिप भरतात. काका, हे घरबसल्या फुकट झालं असतं की, असं कोणी म्हटलं तर ते शांतपणे सांगतात, “फुकट जायलंय म्हणूनच तर भ्या वाटायलंय. सतरा रुपये घेतले की बँकेच्या गळ्यात बांधलं जातंय बगा.” ग्राहक संरक्षणाचा इतका पक्का सिद्धांत आम्ही अजून कोणत्या परिपत्रकात वाचलेला नाही.

रेल्वेचं बघा. नांदेडहून देवगिरीचं स्लीपरचं तिकीट मोबाईलवर काढलं तर सोयीबद्दल शुल्क पडतं. यूपीआयने भरलं तर 10 रुपये, कार्डाने भरलं तर 15, जीएसटी वेगळा. पुढे तिकीट रद्द झालं तरी हे पैसे परत मिळत नाहीत. बरोबरच आहे. गाडी मिळाली नाही, पण सोय झालीच होती.

महावितरण मात्र दिलदार. ऑनलाइन बिल भरा, पाव टक्का सवलत घ्या. आठशेच्या बिलावर दोन रुपये. तेवढ्यात नांदेडकर हुरळून, ज्या पेमेंट अ‍ॅपवरून बिल भरलं त्यावरूनच मोबाईल रिचार्ज मारतो आणि अ‍ॅपवाला ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून दोन-तीन रुपये लावतो. एका खिशात आलेले दुसऱ्यातून गेले. उजेड राहिला तर राहिला.

आता यूपीआय. कार्ड घासल्यावर दुकानदाराच्या पैशातून बँका जो टक्का कापतात, तो यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. बँका, अ‍ॅपवाले, यंत्रणा चालवणारे, यांची पोटं मग कशावर भरतात? केंद्र सरकार प्रोत्साहनपर पैसे देतं. 2024-25 या वर्षासाठी मंत्रिमंडळाने 1,500 कोटी मंजूर केले. आपण टपरीवर दहा रुपयांचा चहा प्यायचा, ते दहा रुपये पोचवायचा खर्च दिल्लीने द्यायचा आणि दिल्लीला तो आपणच द्यायचा. एवढा वळसा घालून आलेलं बिल ओळखू येत नाही, यालाच बहुधा डिजिटल क्रांती म्हणतात.

टपरीवाल्याला मात्र शून्य शुल्काची थोरवी पटवणं अवघड आहे. सुरुवातीला लोक मोबाईल दाखवून “गेले बघा” म्हणायचे आणि निघायचे. त्यातले काही जुना स्क्रीनशॉट दाखवायचे. काहींनी तर रात्री येऊन त्याच्या क्यूआर कोडवर स्वतःचा चिकटवला. दिवसभर चहा याने विकला, गल्ला भलत्याचाच भरला. म्हणून त्याने बोलणारा डबा घेतला. पैसे आले की डबा ओरडतो. या ओरडण्याचं भाडं महिन्याला शंभराच्या आसपास, म्हणजे दहा-बारा चहा. पैसे पोचवायला शुल्क नाही, ते खरंच पोचले हे कळायला आहे! आणि रेंज गेली की डबा मुका, टपरीवाला कपबशी हातात धरून विचारणार, “मामा, दाखवा बरं मोबाईल.” आम्ही सगळी शुल्कं तपासली, आमच्या मते यूपीआयचं खरं शुल्क हेच आहे, आणि ते सगळ्यात छोट्या गल्ल्यातून जातं.

त्याहून खाली उतरायचं तर गावातल्या ‘मिनी बँके’त चला. लाडक्या बहिणीचे 1500 जमा झाले, बाई यंत्रावर अंगठा टेकवते, हातात 1480 पडतात. “वीस कशाचे रं?” “मशीनचे, मावशी.” मावशीच्या मते पंधराशे सरकारचे आणि वीस मशीनचे, तेव्हा तक्रारीला जागाच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तर काही बँकांनी याच पैशातून किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड कापला. मंत्र्यांना सांगावं लागलं, कापू नका. पण सुरक्षा काय वर्णावी! पिन विसरता येतो, अंगठा विसरता येत नाही. पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठ्याचा ठसा कागदावरून उचलून रबरावर उतरवणारे निघाले, तेव्हा बदलून नवा अंगठा कुठून आणायचा हे कोणी सांगितलं नाही.

फसवणुकीवर सरकारचा जालीम उपाय आहे : उपदेश. मध्यंतरी कुणालाही फोन लावा, पलीकडे घंटी वाजण्याआधी अमिताभ बच्चन आपल्याला सावध करायचे. शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटसाठी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, आधी सावध व्हा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे लोकांना वर्षानुवर्षं पढवलं. चोर मात्र पैसे मागणारी विनंती पाठवायचे आणि “पिन टाका, पैसे येतील” म्हणायचे. अखेर 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसाने माणसाला अशी विनंती पाठवायची सोयच बंद केली. दार लावता येत होतं, हे कळायला नऊ वर्षं गेली. तोवर घरातल्यांनाच जागं राहायला सांगितलं होतं. निर्बंधांचंच म्हणाल तर 1 ऑगस्ट 2025 पासून एका अ‍ॅपवर दिवसात पन्नासच वेळा शिल्लक बघता येते. या निर्बंधाची झळ आम्हाला बसलेली नाही. आम्हाला एकदाही बघायचा धीर होत नाही.

आणि गाफील राहतो तो फक्त सामान्य माणूस, असंही दिसत नाही. जानेवारी 2021 मध्ये आमच्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे 14 कोटी रुपये ऑनलाइन पळवले गेले. ते ठेवले होते दुसऱ्या मोठ्या बँकेतल्या खात्यात. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला दोन दिवसांत 94 कोटींना गंडवलं, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले. मुखेडच्या काकांच्या हाती यातलं काही नव्हतं. त्यांनी स्लिप भरली असती किंवा मोबाईल वापरला असता, फरक पडला नसता. पण शाखेत भिंतीवर पोस्टर आहे ते काकांसाठी : ओटीपी सांगू नका.

जुलै 2017 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सांगतं, की चूक बँकेची असेल तर ग्राहकावर बोजा शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तरीही शून्य. वर ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. या ओळींचं पोस्टर आम्हाला अजून एकाही शाखेत दिसलं नाही. बहुधा भिंतीवर जागा उरली नसावी.

आणखी एक नियम पाहून तर आम्ही खुर्चीतून उठलोच. यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून कटले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे लागेल त्या प्रत्येक दिवसाला बँकेने ग्राहकाला 100 रुपये द्यायचे, तेही न मागता. सप्टेंबर 2019 चा हा नियम. नांदेड-लातुरात “पैसे कटलेत पण यिनात” म्हणणारी माणसं रोज भेटतात; हे शंभर रुपये मिळालेला माणूस आम्ही अजून शोधतो आहोत. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवावं. नांदेडला वजिराबादच्या चौकात त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे. शालवाल्याने पैसे रोखच मागितले आहेत.