बोला, पण विषयाला धरून

महाराष्ट्रात कुणाच्या बोलण्यावर कुणी बंदी घालत नाही. इथे फक्त आयोजक असतात आणि ते भलतेच नम्र असतात. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना रीतसर बोलावले आणि तितक्याच रीतसर ‘येऊ नका’ म्हणून कळवले. संमेलन उधळले जाईल, ही धास्ती. (न झालेले ते भाषण मग वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले; मांडवात बसून एवढ्या लोकांनी ते खचितच ऐकले नसते.) पुढच्याच महिन्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अभिनेते अमोल पालेकर कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलू लागले, तर त्यांना मध्येच अडवून ‘बरव्यांवरच बोला’ असे बजावण्यात आले. त्या भिंतींवर कुणाची चित्रे लागणार हे कोण ठरवते, याचा चित्रकाराशी काय संबंध!

विद्यापीठ यात मागे कसे राहील? रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी 1991 मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होती. 2010 मध्ये एका विद्यार्थी संघटनेने ती जाळली आणि मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कायद्यातले आणीबाणीचे खास अधिकार वापरून ती बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली. याच विद्यापीठाला 2017 मध्ये निकाल वेळेत लावता आले नाहीत. कादंबरीच्या बाबतीत मात्र तत्परता वाखाणण्याजोगी. पाठ्यपुस्तकात शिव्या नकोत, हे विरोधकांचे म्हणणे अगदीच गैर नाही. पण त्यावर वाद घालायला अभ्यास मंडळ असते, आणि खास अधिकार नेमके त्यालाच वळसा घालायला वापरले गेले.

यावर शहाणी माणसे घटनेच्या कलम 19 (2) कडे बोट दाखवतात: स्वातंत्र्य निरंकुश नाही, सार्वजनिक सुव्यवस्थाही बघावी लागते. बरोबर. पण सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच, एस. रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने सांगून टाकले आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपायी अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तिचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणजे आवरायचे ते धमकी देणाऱ्याला. आपण वक्त्याला आवरतो, कारण तो दगड मारत नाही.

तेव्हा समस्त आयोजकांना विनंती: पुढच्या वेळी धमकीचा फोन आला की पाहुण्याला पत्र धाडण्याआधी पोलीस ठाण्यात बंदोबस्तासाठी अर्ज करा. कागद तेवढाच लागतो.