दोन कुत्री एका फाटकात

काय हो वहिनी, काल संध्याकाळी भावजी कसला खोका घेऊन आले? मिक्सर नव्हता, मिक्सरचा खोका एवढा चपटा नसतो. नाही हो, पाळत कसली, जास्वंदीला पाणी घालत होते.

अँटिव्हायरस? अन् घ्या म्हणून सांगितलं कुणी? दुकानदारानं! म्हणजे सोनारालाच विचारायचं, मला पाटल्या हव्यात की नकोत.

थांबा हो, दळण कुठं पळून चाललंय. तुमचा कॉम्प्युटर विंडोज अकराचा ना? मग त्यात डिफेंडर आलेलाच आहे, फुकट. मलाही कुठं ठाऊक होतं? गणपतीत पुण्याहून भाचा आला, त्यानं दाखवलं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडायचं, ढालीवर हिरवी बरोबरची खूण दिसली की राखण चालू. विकतचं बसवलं की हा बिचारा मुकाट बाजूला होतो, काढून टाकलं की परत कामावर हजर. पण मागं तुमच्या लेकानं घातलेलं दुसरंच एक त्यात आहे ना अजून? अन् त्यावर हे नवं? अहो, दोन कुत्री एका फाटकात बांधल्यासारखं होतं ते. चोर राहतो बाजूला, एकमेकांवरच गुरगुरत बसतात. कॉम्प्युटरची मात्र बैलगाडी. आधी जुनं काढा, मशीन बंद करून चालू करा, मग काय ते बघा. खोका फोडला नाही ना? पावती जपून ठेवा.

तसं माझं कंपन्यांशी वाकडं नाही. क्विक हील तर माझ्या माहेरचंच म्हणा. कैलास काटकर मूळचे आमच्या रहिमतपूरचे! पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढं कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले, त्यांत व्हायरस निघायला लागले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं त्यावर औषध लिहिलं. 2016 साली कंपनी शेअर बाजारात गेली. ऊर भरून येतो हो. पण ऊर भरून आला म्हणून खोका घ्यायचा का? घरात चार मशीन असतील, पोरं वाट्टेल ते उतरवून घेत असतील, तर घ्यावं विकतचं. तुम्ही दोघं लाइटबिल भरणार अन् नातीशी व्हिडिओवर बोलणार.

फुकटातलं दुसरं म्हणता? नको बाई. अवास्टचं काय झालं? लोक कुठल्या कुठल्या साइटवर जातात त्याची माहिती त्यांच्या पोटकंपनीनं विकली. 2024मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगानं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेला वॉचमनच तुमच्याकडे कोण येतं-जातं ते नाक्यावर सांगत फिरतोय!

जरा इकडं या, हळू बोलते. हे आत पेपर वाचतायत. मागच्या पावसाळ्यात आमच्या स्क्रीनवर सगळं लालभडक झालं, भोंगा वाजायला लागला, 'कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा.' ह्यांनी केला! पलीकडून गोड आवाजाचा पोरगा, 'अंकल, अंकल.' स्क्रीन दाखवायचं काहीतरी उतरवून घ्यायला लावलं, मग म्हणतो बँकेचं पान उघडा. मी कणीक भिजवत होते, तशीच आले अन् भिंतीतला प्लगच उपटला. बटणांवर कणीक अजून आहे. भाचा म्हणाला, ते नुसतं एक वेबपान होतं मावशी, व्हायरस नव्हताच. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधी नसतो. अन् माणूस स्वतःच दार उघडून या-बसा म्हणाला, तर अँटिव्हायरस काय करणार? पैसे गेले असते तर लगेच 1930ला फोन करायचा, हे त्यानं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. दुधाच्या हिशोबाशेजारीच.

आणि अपडेट टाळू नका. 2017च्या मे महिन्यात तो वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, इंग्लंडात दवाखाने अडले. त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. पण 'नंतर', 'नंतर' करत बसले लोक. आमचे हे तेच करायचे. आता दटावून ठेवलंय, म्हणून आज सकाळी त्यांनी अपडेट लावलंय. फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवलीय, तेवढं मात्र—

काय हो? काय म्हणताय? निळी स्क्रीन? असू दे की, चाललंय त्याचं काम. किती टक्के? पस्तीस? मग बसा गप्प.

काय? नवीनच काहीतरी दिसलं म्हणून प्लग काढलात?