बिनपगारी दुभाषी

गडहिंग्लजला दुभाष्यांची टंचाई कधीच नव्हती. संकेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाटक सुरू होतं. त्यामुळे आठवडा बाजारात मिरचीचा भाव मराठीत सुरू होतो, कानडीत मिटतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण मी म्हणतोय तो दुभाषी निराळा. तो ज्या भाषेचा जाणकार आहे ती जगात एकच व्यक्ती बोलते, त्या व्यक्तीची उंची अडीच-तीन फूट असते आणि त्या भाषेचं व्याकरण दर आठवड्याला बदलतं. हा दुभाषी म्हणजे नुकत्याच बोलायला लागलेल्या लेकराचा बाप.

आईलाही सगळं कळतं, बापापेक्षा जास्तच कळतं. पण ते चारचौघांना समजावून सांगायला तिला वेळ नसतो. लेकरू 'पापा' म्हणालं की ती पाण्याचा पेला पुढं करते आणि कुकरकडं वळते. भाषांतर करून लोकांना ऐकवणं हा बापाचा उद्योग. कारखान्यातला कारकून असो, कॉलेजातला प्राध्यापक असो की अडत दुकानात पट्टी लिहिणारा दिवाणजी, घरात त्याच्या शब्दाला एरवी किती किंमत असते हे आपण जाणतोच. लेकराला वाचा फुटते तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडं असं एक खातं येतं, ज्यात त्याला कुणी खोटं पाडू शकत नाही.

आमच्या गल्लीतला नमुना मूळचा साताऱ्याचा. नोकरीनं गडहिंग्लजला आला आणि इथंच रमला. सासुरवाडी हुक्केरीकडची. संध्याकाळी कन्येला स्कूटरवर पुढं उभी करून तो एम. आर. हायस्कूलच्या मैदानाकडं निघतो. हे गाव फुटबॉलवेडं. मैदानाच्या कडेला जाणत्यांची रांग उभी असतेच. कन्या मैदानाकडं बोट करून म्हणते, "बाऽऽ."

"काय म्हणालंय ओ?" शेजारचे एक आण्णा विचारतात.

"बॉल म्हणतीय. म्हणजे नुसतं बॉल नाही. बॉल बारला लागला, थोडक्यात गोल हुकला, असं म्हणतीय."

एका अक्षराचं एवढं भाषांतर संसदेतसुद्धा होत नसेल. पण आण्णा मान डोलवतात. "फुटबॉल कळालाय म्हणजे पोरगी गडहिंग्लजची झाली बघा." बापाची छाती फुगते. कन्येनं तोवर तेच 'बाऽऽ' शेजारच्या बैलाला, फुग्याला आणि आण्णांच्या टकलाला उद्देशून म्हटलेलं असतं. ही भाषांतरं तो करत नाही. चांगल्या दुभाष्याला काय गाळायचं हे कळावं लागतं.

त्याचा शब्दकोश स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आहे. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात, 'दीड लिटर' आणि 'गॅस लावला' यांच्या मधे, बारीक अक्षरात 'फॉन = फॅन', त्याच्या खाली 'फॉन = फोनसुद्धा', आणि पुढच्या आठवड्यात 'फॉन = फुलपाखरू (?)'. दूधवाला महिन्याचा हिशेब करायला येतो आणि हे वाचून गोंधळतो. एक शब्द मात्र दुभाष्यानं नोंदवलेला नाही. कन्या रोज जेवणाआधी दोन्ही हात जोडून 'छपकाई' म्हणायची. बाप पाहुण्यांना सांगत सुटला की ही प्रार्थना आहे, आजीनं शिकवली. मोबाइलमधल्या बाईचं 'सबस्क्राइब' असं त्याचं मूळ निघालं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय. हे आमच्या दुभाष्याला ठाऊक आहे, म्हणून त्या शब्दाची आठवण निघाली की तो दुधाचाच विषय काढतो.

चित्रीकरणाचा सोस तर विचारू नका. अमेरिकेत एमआयटीतल्या देब रॉय नावाच्या संशोधकानं घराच्या छतात कॅमेरे बसवून मुलाचं बोलणं टिपलं होतं. सुमारे ९० हजार तासांचं चित्रीकरण, आणि त्यातून 'गागा'चं हळूहळू 'वॉटर' कसं झालं हे त्यानं २०११ साली जगाला ऐकवलं. आमच्या दुभाष्याकडं छतात फक्त पंखा आहे. तो फोन धरतो आणि म्हणतो, "बोल ना पिल्लू, मघाशी बोललीस तसं." पिल्लू फोनकडं बघतं. तो म्हणतो, "आजोबा म्हण. आऽजोऽबा." पलीकडं साताऱ्यात आजोबा कानाला फोन लावून श्वास रोखून बसलेत. पिल्लू गप्प. आजी म्हणते, झोप आली असेल. आजोबा म्हणतात, ठेवतो आता. फोन बंद झाल्याचा टुंग आवाज आला की पिल्लू खणखणीत म्हणतं, "आजोबा!" मग परत फोन, परत मौन. आजोबांचा आता त्या शब्दावरचा विश्वासच उडालाय.

त्याची भाषांतरं कधी चुकत नाहीत असं नाही. पण चुकलेलं भाषांतरही खरं करून दाखवण्याची ताकद त्याच्यात आहे. त्याचं असं झालं की कन्या आईबरोबर आजोळी हुक्केरीला राहून आली. परत आल्यावर पहिल्याच जेवणाला तिनं भाताचा घास हातानं ढकलला आणि म्हणाली, "ब्याडा!" सीमाभागात जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं की पोर कानडीत 'नको' म्हणतेय. पण साताऱ्याच्या माणसाच्या कानाला या उच्चारात एकच शब्द ऐकू येणार. "पेढा मागतीय!" म्हणत तो चप्पल घालून बाहेर पडला आणि पावशेर पेढे घेऊन आला. कन्येनं पेढा खाल्ला. तिनं एवढाच निष्कर्ष काढला की आपण 'ब्याडा' म्हणालो की पेढा मिळतो. तेव्हापासून त्या घरात 'ब्याडा' म्हणजे पेढा. हुक्केरीची आजी भेटायला आली, नातीला भात भरवायला बसली, नात म्हणाली 'ब्याडा', आजीनं ताट बाजूला ठेवलं. नातीनं भोकाड पसरलं. तेव्हा दुभाष्यानं आजीला, जन्मभर कानडी बोललेल्या बाईला, ब्याडाचा खरा अर्थ समजावून सांगितला.

ही घरगुती भाषा आपणच शोधली असं प्रत्येक दुभाष्याला वाटतं. मंमं, दुदू, भुर्र, गाई, बाऊ, हम्मा हे सारं आपल्या आजीपणजीपासून चालत आलंय. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठीतल्या या बोबड्या बोलीवर १९६४ साली सबंध शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकानं सहा भाषांमधली बाळबोली शेजारी शेजारी मांडून पाहिली, आणि अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंगतीत आपलं मराठी होतं. या मंडळींचं ऐकलं तर ही बोली मुलं तयार करत नाहीत. मोठी माणसंच ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि मुलांच्या तोंडी घालतात. आमच्याकडं याचा पुरावा आहे. दुभाषी परवा कचेरीत साहेबांना म्हणाला, "साहेब, जरा मंमं करून येतो." साहेबांनाही घरी नातू आहे, त्यामुळे रजा मंजूर झाली.

कन्या बोलायला जरा उशिरा लागली होती, तेव्हाचे दिवस मात्र विनोदाचे नव्हते. गल्लीतल्या प्रत्येकाचं पोर म्हणे दहाव्या महिन्यात घडाघडा बोलत होतं. एका मामींनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, दुसऱ्या काकूंनी पोपटानं उष्टावलेला पेरू. तिसऱ्यांनी बाळ रांगत असतानाच मधाची बाटली आणून दिली होती; वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर बजावतात, म्हणून आईनं ती आभार मानून फडताळात ठेवली. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: हाक मारली की वळून बघते का, आणि तुम्ही तिच्याशी बोलता का. आधी कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर वाट बघत न बसता दाखवावं, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री दुभाष्यानं कन्येशी इतकं बोलून घेतलं की शेवटी तिनं तोंडावर हात ठेवला आणि पहिला स्पष्ट शब्द उच्चारला: "गप."

मग बांधच फुटला. घंटागाडीचं गाणं, भंगारवाल्याची आरोळी, देवळाचा भोंगा, सगळं तिच्या तोंडी आलं. गल्लीतल्या बायकांची बोलीही आली. आमच्याकडं बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतात, तशी तीही बोलू लागली. पुण्याची आत्या दिवाळीला आली ती हादरली. "अगं, जेवले म्हण. मुलगी ना तू?" कन्या म्हणाली, "जेवलो." दुभाष्यानं मध्ये पडून बोलीभाषेवर छोटं व्याख्यान दिलं, ते आत्यानं ऐकलं नाही. आठवडाभर 'जेवले'चा पाढा चालला. निघायच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून हात हलवत आत्या म्हणाली, "बरं, येतो मी!"

'गडहिंग्लज' हा शब्दही तिनं पार पाडला. "कुठं राहतेस?" विचारलं की "ददिंदज." बाप लगेच म्हणतो, "जोडाक्षरासकट!" तसं बघितलं तर 'ह' सगळ्यांनीच खाल्लाय. आम्ही मोठी माणसंही 'गडिंग्लज'च म्हणतो.

शेजारच्या काकांना ती 'ताता' म्हणायची. एकदा काकांनी लाडानं विचारलं, "काय गं, ताता आला का?" तिनं कपाळाला आठी घातली. "ताता नाही! ताता!" काका परत म्हणाले, "ताता?" तिनं पाय आपटला. "ताताऽऽ!" तिच्या कानाला 'काका' नीट ऐकू येत होतं, जीभ तेवढी मागं होती. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली असंच एक इंग्रजी बोलणारं लेकरू नोंदवून ठेवलंय. माशाला ते 'फिस' म्हणायचं, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की त्याला ते चालायचं नाही. या नोंदीचा आमच्या दुभाष्याला फार आधार वाटतो. कन्येचं कुणी चुकीचं समजून घेतलं की तो म्हणतो, "ऐकण्यात तिची चूक होत नाही. तुमची होते." पुढं हेच वाक्य त्याच्या अंगाशी आलं.

डॉक्टरमंडळींचा एक ढोबळ हिशेब आहे. दोन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला निम्मं कळतं, तिसऱ्या वर्षी पाऊण, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. म्हणजे दुसऱ्या वर्षी दुभाष्याला अर्धा पगार, तिसऱ्या वर्षी पाव, आणि चौथ्या वर्षी पदच रद्द. सरकारी नोकरीत निदान निरोप समारंभ असतो. इथं एक दिवस कन्या थेट दुकानदाराशी बोलते, दुकानदार थेट तिला शेंगदाण्याची पुडी देतो, आणि बाप मधे उभा राहून म्हणतो, "शेंगदाणे मागतीय." दुकानदार म्हणतो, "कळलं की ओ."

पण खरा दुभाषी असा हार मानत नाही. तो धंदा उलटा करतो. आजवर तो निरर्थकातून अर्थ काढत होता. आता स्पष्ट अर्थाचं निरर्थक करायला लागतो. कारण तीन वर्षांचं लेकरू घरातलं सगळं ऐकतं आणि बाहेर सांगतं. मामी वाटी घेऊन आल्या की ते विचारतं, "आधीची साखर दिली?" बाप हसतो, "साखर आवडते तिला, म्हणून म्हणतीय." काका टीव्ही बघायला आले की ते आत ओरडतं, "आई, आले बघ परत." बाप सांगतो, "कावळा. खिडकीत कावळा येतो रोज."

परवा ते फुटबॉलचे आण्णा घरी आले. हातात पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज. जामीनदाराची जागा मोकळी. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, ऊसबिलाचं झालं, चहा आला. आण्णांनी अर्ज टेबलावर पसरला, खिशातून पेन काढलं. कन्या आण्णांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा म्हणाले सही करायची नाही."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. दुभाष्यानं घसा साफ केला.

"सई म्हणतीय. वरच्या गल्लीत सई म्हणून पोरगी आहे. भांडण झालंय दोघींचं. सईबरोबर करायची नाही... गट्टी करायची नाही, असं म्हणतीय."

"सई नाही!" कन्येनं पाय आपटला. "सही! पेननी करतात ती!" आणि आण्णांच्या हातातल्या पेनाला बोट लावून तिनं ते दाखवलंही.

आण्णांनी उरलेला चहा संपवला. अर्जाची घडी केली, पेनाला टोपण लावलं, कन्येच्या गालाला हात लावला आणि उठता उठता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सईला मीच सांगतो, दुसरा जामीन बघ म्हणून."