घराखाली खणलंत कशाला?

आमचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला आहे. ते १८९० च्या सुमाराला बांधलं, असं नगरपालिकेचे कागद सांगतात. पाया कशाचा आहे हे कागद सांगत नाहीत. त्यासाठी तळघरात उतरावं लागतं. उतरलं की कळतं. कुणीतरी आसपासच्या शेतांतून हाताला लागतील ते धोंडे गाड्यात घालून आणले, कुठला नारळाएवढा, कुठला कणगीएवढा, ते एकावर एक रचले, फटींत चुना कोंबला आणि वर दुमजली लाकडी घर चढवून तो गृहस्थ मोकळा झाला. या भागात धोंड्यांना तोटा नाही. हिमयुगातल्या बर्फाने ते उत्तरेकडून लोटत आणून इथे टाकले, आणि अजूनही दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगली की खालचे धोंडे थोडे वर सरकतात. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला या एका पिकाने कधी दगा दिला नाही.

या भिंतीतून दर मार्चमध्ये पाणी येतं. धारेने येत नाही. तेवढी हिंमत दाखवली असती तर निदान कुठून येतंय ते तरी दिसलं असतं. आधी दगड नुसते चमकतात, मग ओघळ दिसतात, मग भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेतून पाणी गुपचूप पुढे सरकतं, आणि ओल लागू नये म्हणून आपण ज्या खोक्यात लग्नाचे अल्बम ठेवले, नेमकं त्याच खोक्याखाली जाऊन बसतं.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. बॉस्टनच्या बाजूला पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बारा महिने हप्त्याहप्त्याने. गावच्या घरात ऐन आषाढात ओटीवर बसलं तरी पाय कोरडे. इथे एक तृतीयांश पावसात मी रबरी बूट घालून वॉशिंग मशीनपर्यंत जातो. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

"अरे, पण घराखाली खड्डा खणलातच कशाला?"

मी समजावलं. इथे थंडीत जमीन गोठते. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि पाया उथळ असेल तर आख्खं घर उचलतं. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. आमच्याकडे चार फूट. आता चार फूट खणलंच आहे तर आणखी थोडं खणलं की एक खोली फुकटात पडते, असा हिशेब.

"मग आता बुजवून टाक," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. थोड्या वेळाने तिला दुसरा उपाय सुचला. "नाहीतर तिकीट लाव. आपली राजापूरची गंगा तीन-तीन वर्षांनी यायची, हल्ली तिचाही नेम राहिला नाही, तरी लोक गाड्या करून स्नानाला जातात. तुझी तर दर साल न चुकता येते."

आईचा पहिला प्रश्न मात्र वाटतो तेवढा भाबडा नाही. ज्याने हे तळघर खणलं त्याला ते कोरडं नकोच होतं. त्याला तिथे बटाटे, सफरचंदं आणि गाजरं वसंत ऋतूपर्यंत ताजी राहायला हवी होती. त्यासाठी गारवा हवा आणि ओल हवी. खाली मातीची जमीन होती. पाणी आलं तर मातीत मुरायचं, बटाट्यांची काही तक्रार नसायची. पुढच्या मालकांनी त्यावर काँक्रीटचा पातळ थर ओतला, कोळशाच्या जागी तेलाची टाकी आणि बॉयलर आणला, मग वॉशिंग मशीन, मग व्यायामाची सायकल, मग गालिचा. एवढं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की तळघरात ओल आहे.

पहिला फोन विमा कंपनीला केला. तिथल्या बाईंनी पाण्याच्या प्रमाणाची चौकशीच केली नाही. त्यांना त्याचं कुळ-गोत्र हवं होतं. पाणी वरून आलं की खालून? अचानक आलं की हळूहळू? नळाचं होतं की जमिनीचं? घरातला पाइप फुटून आलेलं पाणी चालतं, ते घरंदाज. जमिनीतून झिरपून आलेलं पाणी पॉलिसीत बसत नाही. पुराचं पाणी असेल तर त्याची पॉलिसी वेगळी, आणि तीही तळघरातल्या बऱ्याच वस्तूंकडे डोळेझाक करते. "मग तळघरात नेमकं कोणतं पाणी आलेलं चालेल?" असं विचारल्यावर त्यांनी आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं.

मग तळघरं कोरडी करून देणाऱ्या कंपन्यांचे लोक येऊ लागले. माणसं अतिशय सभ्य. बुटांवर निळी पिशवी चढवून यायची, म्हणजे माझ्या चिखलाने त्यांचे बूट खराब होऊ नयेत. प्रत्येकाकडे टॅब्लेट, टॅब्लेटवर एका कुटुंबाचं चित्र. ते कुटुंब तळघरात हसत बसलेलं. कुठलंही कुटुंब तळघरात इतकं हसत नाही.

उपाय सगळ्यांचा एकच. आतल्या बाजूने, भिंतीच्या कडेकडेने जमीन फोडायची, चर खणायचा, त्यात भोकाभोकांचा पाइप टाकून वर खडी भरायची, भिंतीवर प्लॅस्टिकचं अस्तर लावायचं. पाणी भिंतीमागून घरंगळत चरात जाणार, चरातून कोपऱ्यातल्या खड्ड्यात, आणि खड्ड्यातला पंप ते बाहेर फेकणार. म्हणजे पाणी अडवायचं नाही. त्याला रीतसर आत घ्यायचं आणि मागच्या दाराने पोचवायचं. असे चर अमेरिकेत लोकप्रिय केले ते हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी. वकील, न्यायाधीश आणि हौशी शेतकरी असलेल्या या माणसाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पुढे ते आमच्यापासून फार लांब नसलेल्या कॉनकॉर्डला राहायला आले. त्यांचा मुलगा डॅनियल चेस्टर फ्रेंच शिल्पकार झाला. वॉशिंग्टन शहरातल्या स्मारकातला तो प्रचंड बसलेला लिंकन त्याचा. लिंकन बघायला लाखो लोक जातात. बापाच्या चराकडे कुणी ढुंकून बघत नाही. तळघरात पाणी असताना मला बापाचं काम जास्त थोर वाटतं.

चराबद्दल माझी तक्रार नाही. खालून पाण्याची पातळीच वर येत असेल तर दुसरा इलाज नसतो. तक्रार किमतीबद्दल आहे. शेवटच्या आकड्यात गावाकडे हापूसची लहानशी बाग आली असती. वर आजीवन हमी. कुणाच्या जीवनाची, ते बारीक अक्षरात होतं.

बायकोने सगळे कागद फ्रिजवर लावले आणि म्हणाली, "सही करण्याआधी शेजारच्या आजोबांना विचार." हे आजोबा पोलिश वंशाचे, जन्मभर गवंडीकाम केलेले, आणि मत न देता जगणं त्यांना ठाऊक नाही. पावसातच आले. तळघरात उतरायला त्यांनी साफ नकार दिला. "खाली काय बघायचं? खाली ओलं आहे, हे तुम्हीच सांगताय. छत्री घ्या आणि बाहेर या."

आम्ही घराभोवती फिरलो. पन्हळी पानांनी तुंबलेल्या. एका कोपऱ्यात पन्हळीचा नळ थेट भिंतीच्या पायाशी येऊन संपत होता. आधीच्या मालकिणीने भिंतीला टेकून फुलांचे वाफे केले होते आणि दर साल त्यांवर लाकडाचा भुसा चढवत इतके उंच केले होते, की जमिनीचा उतार उलटून घराकडे झाला होता. आजोबांनी हिशेब सांगितला. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सव्वासहाशे गॅलन पाणी होतं. मी मनात लिटर केले, साधारण २३६०. आपल्याकडच्या हजार लिटरच्या दोन टाक्या काठोकाठ भरून वर उरेल एवढं पाणी आम्ही प्रत्येक बऱ्या पावसात गोळा करत होतो, नळाने खाली आणत होतो आणि शंभरावर वर्षांच्या दगडी भिंतीच्या मुळाशी प्रेमाने ओतत होतो.

कोकणातला माणूस हे शाळेत न जाता शिकतो. जोतं उंच, छप्पर पुढे आलेलं, पागोळ्या जोत्यापासून लांब पडणार, अंगण घरापासून उतरतं, आणि जिथे पागोळीचं पाणी नको तिथे पोफळीचं खोड उभं चिरून केलेली पन्हळ. पाण्याला घरापर्यंत येऊच द्यायचं नाही, एवढीच सगळी विद्या. अमेरिकेतला बांधकामाचा नियमही तेच सांगतो, फक्त इंचांत: घरापासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती हवी. हे माझ्याकडे आलेल्या एकाही निळ्या पिशवीवाल्याने सांगितलं नाही. त्यांचा दोष नाही. मातीच्या ढिगाऱ्यावर आजीवन हमी देता येत नाही.

आम्ही वाफे काढले, चिकणमाती आणून उतार केला, नळाला लांब पाइप जोडून पाणी अंगणाच्या टोकाला सोडलं. दोन हॉर्टेन्शियाची झुडपं हलवावी लागली, त्याचं दुःख बायकोला अजून आहे.

भिंतीचं प्रकरण वेगळं. आधीच्या कुणी मालकाने आतून जलरोधक म्हणून मिळणारा पांढरा रंग फासला होता. दगडी भिंतीला रंगाची ही थट्टा सहन होत नाही. मागून पाणी येतच राहतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग रंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली लोणा फुललेला दिसतो. शिवाय दगडांमधल्या काही दर्जा पोर्टलंड सिमेंटने भरलेल्या. आजोबांनी शेवटी खाली उतरून त्या बघितल्या आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाले. माझ्या मुलीने अर्थ विचारला तर सांगितला नाही. जुना चुना मऊ असतो, ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. झिजायचं असेल तर स्वतः झिजतो, दगडाला सांभाळतो. सिमेंट कडक. ते ओल अडवतं आणि मग शेजारच्या चुन्याचा भुगा होतो. तेव्हा दर्जा कोरून पुन्हा चुन्यानेच भरायच्या, असं ठरलं.

चुना मिळवताना मला आपल्या किल्ल्यांवरचे चुन्याचे घाणे आठवले. सिंधुदुर्गाच्या पायात महाराजांनी शिसं ओतलं असं सांगतात, आणि भर समुद्रातल्या त्या किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मी उत्साहाने ही हकीकत आजोबांना ऐकवली. ते दचकून म्हणाले, "शिसं हा शब्द या घरात मोठ्याने उच्चारू नका." बरोबरच होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर जुन्या रंगातल्या शिशाचा बंदोबस्त मालकाला कायद्याने करावा लागतो. सिंधुदुर्ग इथे बांधला असता तर तपासनीसाने पहिल्याच भेटीत काम थांबवलं असतं.

एका बाबतीत मात्र आईचं शास्त्र इथे लंगडं पडलं. "खिडक्या उघड्या ठेव, हवा खेळती राहू दे," असं ती जुलैत सांगायची. इथल्या जुलैत बाहेरची हवा गरम आणि दमट, तळघरातले दगड मात्र गारढोण. खिडकी उघडली की बाहेरची वाफ आत येऊन दगडांवर थेंबांनी जमते आणि पाऊस नसताना भिंत ओली होते. म्हणून उन्हाळ्यात खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर लावायचा. तो हवेतलं पाणी ओढून बादलीत भरतो, आणि बादली मी भरल्या विहिरीवरून आल्यासारखी वर आणतो. आईला हे सांगितलं नाही. खिडक्या बंद ठेवून हवा वाळवायला विजेचं बिल भरतो, हे तिला पटवण्यापेक्षा भिंत ओली परवडली.

पंपाचा खड्डा शेवटी आम्ही केलाच, पण एका कोपऱ्यात, साधा, आणि बॅटरीसकट. बॅटरीचा आग्रह आजोबांचा. २०१० च्या मार्चमध्ये बॉस्टनला महिन्याभरात जवळजवळ पंधरा इंच पाऊस झाला होता, ते त्यांनी पाहिलंय. तळघरातल्या पंपाची खरी गरज लागते ती वादळात, आणि वीज जाते तीही वादळातच.

आता मार्चमध्ये उत्तरेच्या भिंतीतले दोन-चार धोंडे अजून पाझरतात. जमिनीवर पाणी येत नाही. आजोबा म्हणतात एवढं चालायचंच, आणि मलाही तसंच वाटतं. शंभरावर वर्षांच्या दगडी तळघराला ठणठणीत कोरडं करू बघणारा माणूस एक तर भिंत बिघडवतो नाहीतर बँकेतली शिल्लक.

तेव्हा इकडे जुनं दगडी पायाचं घर घ्यायला निघालेल्या मंडळींना एकच विनंती. घर बघायला लख्ख उन्हात जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये, मुसळधार पाऊस चालू असताना, छत्री घेऊन जा. आधी बाहेरून चक्कर मारा आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतंय ते बघा, मगच आत शिरा. तळघराला ताजा पांढरा रंग दिलेला दिसला तर तो कशासाठी दिला हे एजंटला विचारा, आणि उत्तर ऐकताना नजर भिंतीच्या तळाशी ठेवा. पावसात घर दाखवायला एजंट तयार नसेल, तर ते घर घेऊ नका.