उलटं वाढणारं वय

माझी आत्या चाकूरची. तिच्या लेखी अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी ही आधी तिच्याहून मोठी होती, मग बरोबरीची झाली आणि हल्ली धाकटी आहे.

‘गांधी’ तिनं एका दोन ऑक्टोबरला दूरदर्शनवर पाहिला, शेजाऱ्यांच्या ओसरीत बसून. रोहिणीच्या कस्तुरबांनी प्राण सोडले तेव्हा सगळ्या ओसरीचे पदर डोळ्यांना लागले. “लई थकली होती माय,” आत्या म्हणाली. थकलेली माय तेव्हा जेमतेम तिशीची! पुण्याची मुलगी, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली तयार झालेली. त्या भूमिकेला 1983 साली इंग्लंडचा बाफ्टा मिळाला, तोही मॉरीन स्टेपल्टन या अमेरिकन नटीसोबत वाटून. आमच्याकडं वाटणी म्हटली की बांध कोरले जातात. इथं कुणी कोर्टात गेलं नाही.

ही स्टेपल्टनही रंगभूमीवर मुरलेली. 1963 च्या ‘बाय बाय बर्डी’त तिनं डिक व्हॅन डाइकची आई केली. लेकापेक्षा आई फक्त सहा महिन्यांनी मोठी! रोहिणीताईंनी तर त्यावरही कडी केली. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभची आई झाल्या, तेही त्याच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान असून. ‘सारांश’मधली मुलगा गमावलेली म्हातारी त्याआधीच, 1984 साली करून झाली होती. केस पांढरे करायला निर्मात्यांना कोण घाई! पुरुषांच्या बाबतीत मात्र कलप पुढं येतो.

मधल्या काळात ‘चालबाज’मध्ये चुलती झालेल्या रोहिणीताईंना आत्यानं मनसोक्त शिव्या दिल्या. पती जयदेव हट्टंगडींनी बसवलेला ‘अपराजिता’ हा रोहिणीताईंचा एकपात्री प्रयोग मात्र तिनं पाहिला नाही. नाटक मुंबई-पुण्याचं, आमच्या वाट्याला टीव्ही. तोही भारनियमनातून उरलेला. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांवर भाग चालली. त्यातले निम्मे आत्यानं अंधारात, शेजारणीला विचारून पाहिले. तोवर ती स्वतः सासू झाली होती. पडद्यावरच्या सासूचं, म्हणजे रोहिणीताईंच्या आशालता देशमुखांचं, तिला बरंच पटायचं. सुनेला कमी पटायचं.

2023 साली ‘बाईपण भारी देवा’ आला. एसटीत बायकांना नुकतंच अर्धं तिकीट झालेलं. गल्लीतल्या अकरा जणी लातूरला निघाल्या आणि पिशव्या धरायला मला सोबत घेतलं. पडद्यावर सहा बहिणी मंगळागौरीला उभ्या राहिल्या. त्यात सगळ्यात थोरली रोहिणीताई. आत्या गुडघा चोळत बघत राहिली.

परतताना चाकूर येईपर्यंत ती गप्प होती. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “पोरगी बेस काम करायली बघ.”