भावजींचा धूर किती?

"ताई, तुमची भाची आलीय ना हिंजवडीहून? तिला जरा विचारून सांगा, आमचे हे वर्षाला किती धूर सोडतात!"

कुंपणापलीकडून असा प्रश्न आला की माणूस दचकतोच. मला आधी वाटलं, भावजींनी सिगारेट पुन्हा सुरू केली. वहिनींचा सूरही तसाच होता. पण प्रकरण निराळंच निघालं. भावजींचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. गुरुवारी भोसरी बंद, म्हणून स्वारी घरी. आणि घरी म्हणजे सकाळपासून कॉम्प्युटरपुढे डोकं धरून.

"ज्या कंपनीला माल देतात ना, तिचं नाव नाही घेत मी. भिंतीलाही कान असतात," असं म्हणून वहिनींनी नाव सोडून बाकी सगळं सांगितलं. पर्चेसवाल्याकडून एक एक्सेल शीट आली होती. वर्षात वीज किती युनिट, जनरेटरला डिझेल किती लिटर, पाणी किती, भंगार किती किलो, जळकं ऑइल कुणाला दिलं, बायका किती कामाला, अपघात किती झाले. सगळ्यात खाली, बालमजूर ठेवता का, हो किंवा नाही.

"आता तिथं 'हो' कोण लिहिणार आहे, ताई?"

बिनतोड सवाल. चहाचा कप घेऊन भाची बाहेर आली, तिलाही तो पटला. तिचं कामच ते, मोठ्या कंपन्यांचे असले आकडे गोळा करून अहवाल लिहायचे. ईएसजी म्हणतात त्याला. पर्यावरण, समाज आणि कारभार, तिन्हींचा हिशेब. मुलगी नेमकं काय करते हे स्थळांना समजावताना आमच्या वहिनीची, म्हणजे तिच्या आईची, पुरती दमछाक होते. पगार मात्र बरा आहे.

"हे सेबीचं का गं?" शेजारच्या वहिनी शेअर बाजारात मुरलेल्या आहेत, त्यांना कळायला वेळ लागत नाही.

"मूळ सेबीचंच. 2021 मध्ये नियम आला. 2022-23 पासून बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा झाला. 2023 मध्ये त्यातले ठळक आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या असंही सांगितलं, आधी दीडशे कंपन्यांना, मग टप्प्याटप्प्यानं सगळ्यांना. पण काकू, आपल्या काकांना सेबीनं काही विचारलेलंच नाहीये."

"म्हणजे?"

"पुरवठादारांचे आकडे फक्त पहिल्या अडीचशे कंपन्यांकडून मागितलेत. पुरवठादारही तोच, ज्याच्याकडून कंपनी आपल्या एकूण खरेदीच्या निदान दोन टक्के माल घेते. आणि 2025 मध्ये तेही ऐच्छिक करून टाकलं."

"दोन टक्के?" वहिनींना हसू आवरेना. "अगं, त्यांच्या खरेदीत आम्ही म्हणजे दर्यामें खसखस!"

मग विचारतात कशाला? तर कंपनीचा माल युरोपात जातो आणि तिथलं गिऱ्हाईक कंपनीला विचारतं. बाहेरून येणाऱ्या पोलादावर, ॲल्युमिनियमवर, अगदी नट-बोल्टवरसुद्धा युरोपनं कार्बनचा हिशेब लावलाय. 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती मागत होते, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचं कलम लागू झालं. ब्रुसेल्समध्ये कुणीतरी फाइल उघडतो आणि भोसरीतला माणूस गुरुवारची झोप सोडून महावितरणची बिलं शोधतो. मला विचाराल तर हे विचारण्यात गैर काही नाही. विचारण्याची तऱ्हा मात्र अशी, की उत्तर देणाऱ्याला ते कशासाठी हे कुणीच सांगत नाही.

भाचीनं एका महिन्याचं बिल कुंपणावरून मागून घेतलं. चार हजार युनिटच्या आसपास होती वीज. "आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे महिन्याला झाले 2.8 टन. डिझेलचं वेगळं, लिटरला 2.7 किलोच्या आसपास."

"थांब, थांब," वहिनी म्हणाल्या. "लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही. त्यातून पावणेतीन किलो धूर निघेलच कसा?"

असा प्रश्न कंपनीच्या मीटिंगमध्ये कधी कुणी विचारत नाही, असं भाची नंतर मला म्हणाली. "कार्बन डिझेलमधला, ऑक्सिजन हवेतला. जळताना दोघं एकत्र येतात आणि वजन वाढतं."

"हवा फुकटची, आणि वजन आमच्या नावावर!"

मग स्कोप एक, दोन, तीन निघाले. घरी शेगडीवर गॅस जळतो तो स्कोप एक. महावितरणची वीज स्कोप दोन. आणि बाहेरून पोळ्या मागवल्या तर त्या भाजताना पोळीवालीकडे जो गॅस जळला, तो आपला स्कोप तीन. आता भावजींचे स्कोप एक आणि दोन त्या कंपनीच्या स्कोप तीनमध्ये जाऊन बसतात. म्हणून ती शीट.

"आणि ह्यांनी नाहीच भरली तर?"

"तर अंदाजपंचे. तुमच्याकडून वर्षात किती रुपयांचा माल घेतला, त्याला त्या धंद्याच्या सरासरीनं गुणायचं. बऱ्याच कंपन्या असंच करतात."

"म्हणजे ह्यांनी रेट वाढवून घेतला..."

"की धूर वाढला!"

आतून भावजींचा आवाज आला, "रेट वाढवून देणार असतील तर मी वाट्टेल तेवढा धूर कबूल करतो!"

एवढं सगळं गोळा झालं की त्यावर गुण देणाऱ्या एजन्सी बसलेल्या आहेतच. तिथल्या गोष्टी तर आणखी रंगतदार. मे 2022 मध्ये एस अँड पीनं आपल्या ईएसजी निर्देशांकातून टेस्लाला काढलं आणि एक्झॉन ही तेलकंपनी आत राहिली. इलॉन मस्क असा भडकला की विचारू नका. वहिनीही भडकल्या, कारण विजेच्या गाड्यांवर त्यांची भक्ती. पण एजन्सीचं म्हणणं होतं की गाडी विजेची असली तरी कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारी आणि गाड्यांच्या अपघातांची चौकशी हाताळण्याची रीत, हेही मोजायला हवं. मला ते पटलं. एक्झॉनचं मात्र नाही पटलं. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबॉन या अभ्यासकांनी सहा एजन्सींचे गुण समोरासमोर ठेवले. पूर्ण एकमत म्हणजे एक धरलं, तर सरासरी निघाली 0.54. कर्ज फेडण्याच्या क्षमतेबाबत एजन्सींचं जवळपास एकमत असतं, इथं जेमतेम निम्मं.

"जर्मनीत तर पोलीस आले होते," भाचीनं आवाज खाली आणला. आम्ही दोघी कुंपणाला चिकटलो. डीडब्ल्यूएस नावाची मोठी फंड कंपनी. ईएसजीचा जेवढा डंका पिटते तेवढं आत काही नाही, असं तिथल्याच एक अधिकारी, डिझिरी फिक्सलर, म्हणाल्या. त्यांची नोकरी गेली. मे 2022 मध्ये कचेरीवर छापा पडला, लगोलग बड्या साहेबांनी खुर्ची सोडली. 2023 मध्ये अमेरिकेत 1.9 कोटी डॉलर दंड झाला, 2025 मध्ये जर्मनीत 2.5 कोटी युरो.

"बाईंचं खरं निघालं म्हणायचं," वहिनी म्हणाल्या. समाधानानं.

एवढ्यात भावजी शीटचा प्रिंट घेऊन स्वतःच बाहेर आले. "सगळं भरतो मी. बायका दोन, अपघात शून्य, जळकं ऑइल परवानाधारकाला, पावती आहे. पण ह्यांनी मला इतकं विचारलं, मी ह्यांना एकच विचारू का? माझे पैसे कधी देणार?"

यावर भाचीनं काही न बोलता फोन काढला आणि त्याच कंपनीचा बीआरएसआर उघडला. फोटोतली शेती, हसरी मुलं, रोपं लावणारे संचालक, हे सगळं मागे टाकत ती तक्त्यांपाशी आली. अहवालातल्या पहिल्याच तत्त्वाखाली एक ओळ असते. पुरवठादारांची देणी सरासरी किती दिवसांची, ते सांगणारी. सेबीनंच घालून दिलेली आहे. तिथला आकडा मी लिहीत नाही, कंपनी ओळखू यायची. छोट्या उद्योगांचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, त्याच्या पुष्कळ पुढे होता, एवढं सांगते.

"ही सगळ्या पुरवठादारांची सरासरी आहे, काका. एकट्या लहानांची नाही," भाचीनं प्रामाणिकपणे सांगितलं. "आणि आता इन्कमटॅक्सवाले लहानांचे पैसे थकवले तर त्या वर्षी खर्चाची वजावट देत नाहीत."

"माहितीय मला. म्हणून तर आता जीआरएनच, म्हणजे माल मिळाल्याची नोंदच, उशिरा काढतात. माल स्वीकारला असं कागदावर येईपर्यंत ते दिवस मोजायला सुरुवातच करत नाहीत!"

भाची गप्प झाली. तिच्या एक्सेलमध्ये जीआरएनच्या तारखेचा रकाना नाही, असं तिनं कबूल केलं. मला वाटतं, तो असायला हवा. कार्बन ग्रॅमपर्यंत मोजता, मग गेटमधून माल आत गेला ती तारीख लिहायला काय जातं?

तुमच्याकडे एखाद्या मोठ्या कंपनीचे शेअर असतील, किंवा घरातलं कुणी तिला माल देत असेल, तर तिचा अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. झाडांचे फोटो सोडून द्या आणि देणी किती दिवसांची ती ओळ काढा. मागच्या वर्षीचा आकडाही तिच्या शेजारीच छापलेला असतो.